एक्केचाळीस बहात्तर

श्रावण पहाटे चारला उठायचा, कारण माजरीच्या कोळसा खाणीत त्याची कायम पहिली पाळी असे. रिटायर झाल्यावरही डोळा चारलाच उघडे. हात रिकामे बसेनात म्हणून त्याने जळालेल्या मोटरपंपांचं वायंडिंग करून द्यायचं दुकान टाकलं. पण गिऱ्हाईक फिरकेना. मग शेतकऱ्यांना फुकट फोन करता यावा म्हणून त्याने टोल-फ्री नंबर घ्यायचं ठरवलं.

मुलगी संघप्रिया म्हणाली, "बाबा, शेवटी चार शून्य घ्या. कोणाच्याबी ध्यानात राह्यते."

"शून्यात काय हाय? माह्या टोकनचा नंबर घे, एक्केचाळीस बहात्तर. हजेरीले रोज पुकारत. साऱ्याईले पाठ हाय."

पाठ होताच. पहिला फोन पहाटे चारला आला, ब्रह्मपुरीहून. त्याच्याच पाळीतला मुखरू होता.

"श्रावण, उठला काय?"

"उठलो. मोटर जळली काय तुही?"

"माह्याकडे मोटर कुठी हाय? फुकट हाय म्हणून लावला. गुडघा कसा हाय?"

हळूहळू अख्खी पाळी फोन करू लागली. लाईन कायम त्यांच्यातच गुंतलेली, त्यामुळे शेतकरी मात्र एकही नाही. महिन्याने बिल आलं.

"फुकट त्याईले, बाबा. पैसे आपले कटतात," संघप्रिया म्हणाली.

मुखरूला झापायचंच, असं ठरवून श्रावणने पहाटे फोन उचलला.

"चहा झाला काय, श्रावण?"

"नाई झाला. तू सांग."

शेवटी शेतकऱ्यांसाठी त्याने दुकानाच्या पाटीवर आपला साधा मोबाईल नंबर रंगवला, आणि मोटरी येऊ लागल्या. टोल-फ्री बंद केला नाही. खाणीत घाम गाळून कमावलेल्या पैशातून तो आता अख्ख्या पाळीच्या गुडघ्यांची खुशाली ऐकतो.