मामा ऐकत नाही

मामा कुणाचं ऐकत नाही, हे वीज दुरुस्ती केंद्रात इतक्यांदा बोललं गेलं होतं की नव्याने आलेल्या माणसाला फाटकावरचा पहारेकरी हजेरीची खिडकी, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि ही गोष्ट एका दमात सांगून टाकायचा.

मामा म्हणजे केंद्रातल्या सगळ्यात मोठ्या ट्रकचा ड्रायव्हर. वय सत्तावन्न, खांदे रुंद, बोलणं मोजकं. खरं तर तो एकटीचाच मामा होता. त्याची सख्खी भाची केंद्राच्या वर्कशॉपमध्ये वायरिंगच्या कामाला लागली. पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत तिच्या तोंडून ‘मामा’ निघालं आणि दुसऱ्या दिवसापासून तो अख्ख्या केंद्राचा मामा झाला. त्याच्याहून दोन वर्षांनी थोरला असलेला मुकादमही त्याला मामाच म्हणू लागला. भाचीने मात्र त्या दिवसापासून एक शिस्त लावून घेतली. घरी ‘तू’, फाटकाच्या आत ‘तुम्ही’. पाच वर्षांत ती तिने एकदाही मोडली नव्हती.

मामाच्या न ऐकण्याचे पुरावे ढिगाने होते. मागून हाक मारली तर तो वळायचा नाही. खिशातला फोन वाजत राहायचा आणि कुणी हाताने खूण केलीच, तर म्हणायचा, वाजू दे. बैठकीत बारीक आवाजाच्या हिशेबनिसाने काही विचारलं तर हा खिडकीबाहेर बघत बसायचा. हिशेबनिसाने ते मनाला लावून घेतलं होतं. लाइनमन मंडळींना उलट त्याचं भारी कौतुक. साहेबालाही दाद देत नाही, असं ते अभिमानाने सांगायचे. ट्रक मामाचं ऐकतो आणि मामा कुणाचं ऐकत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या ट्रकला सगळे ‘थोरली’ म्हणत. अडतीस वर्षांची गाडी, सहा चाकं आणि सहाही चाकांना जोर. जिथे रस्ता संपतो तिथून तिचं काम सुरू व्हायचं. खांब, तारेचं रीळ आणि मागे बाकावर माणसं घेऊन ती दगडगोट्यांतून, ओढ्यांतून, डोंगराच्या धारेवरच्या मनोऱ्यांपर्यंत जायची. साहेबांनी नव्या गाड्या पाहिल्या होत्या. दिसायला सुंदर, पण एकीचं पोट जमिनीला टेकणारं, तर दुसरी पाण्याला भिणारी. शेवटी ठरलं की थोरलीचा सांगाडा, आस आणि चाकांचा जोर तसाच ठेवायचा आणि बाकी सगळं नवं करायचं.

चार महिने ती वर्कशॉपमध्ये उघडी पडून होती. नवं इंजिन बसलं. पूर्वी ओढ्यातून बाहेर आल्यावर ब्रेक लागतील की नाही हे थोरलीच्या मर्जीवर असायचं. आता डिस्क ब्रेक आले. पूर्वी स्टिअरिंग वळवायला दोन्ही खांदे लावावे लागत. आता एका हाताचं काम. हवेवर तरंगणारी सीट आली, मागचं दाखवणारा कॅमेरा आला, समोर पडदा आला. आणि भाचीने स्वतः बसवलेलं एक यंत्र आलं. गाडी बाजूला धोक्याइतकी कलली की पडद्यावर लाल दिवा आणि सोबत शिट्टी. शिट्टी वाजली की ड्रायव्हरने थांबायचं, मागच्या माणसांनी उतरायचं आणि मग रिकामी गाडी पुढे न्यायची, असा नियमच झाला. बाकावरचे लोक उतरायच्या आत गाडी उलटली तर काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हे यंत्र बसवायला भाचीला सहा आठवडे लागले होते.

मामाने गाडी केंद्राच्या आवारात फिरवून पाहिली, खाली उतरला आणि म्हणाला, “स्टिअरिंग बरं आहे.” त्याच्या तोंडून एवढं येणं म्हणजे सत्कारच होता. मेकॅनिक खूश झाले. भाची मात्र खूश नव्हती. कारण मामा गाडी फिरवत असताना शिट्टी सारखी वाजत होती. त्याने हँडब्रेक पुरता सोडला नव्हता आणि त्यासाठीही तीच शिट्टी होती. दोन फेऱ्या झाल्या तरी मामा ढिम्म. लाइनमन एकमेकांना कोपर मारून हसत होते. मामा त्या पिपाणीला भीक घालत नाही, असं कुणीतरी म्हणालं.

मामाला हसणं दिसलं. मग पडद्यावरचा लाल ठिपका दिसला. त्याने हँडब्रेक सोडला आणि ठिपका गेला.

घरी गेल्यावर तो कपड्यांच्या मशीनसमोर स्टूल घेऊन बसला. धुणं झालं की ते मशीन वाजतं, असं बायको वर्षानुवर्षं सांगत होती आणि तू मुद्दाम उठत नाहीस म्हणून भांडतही होती. मशीन गरगरलं, थांबलं. हिरवा दिवा विझला. मामा कान देऊन बसला होता. घरात सगळं शांत होतं. तेवढ्यात बायको पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, आता तर समोर बसूनसुद्धा उठवत नाही का? मामाने मशीनमधले कपडे बाहेर काढले.

त्याचं असं झालं होतं की जाड आवाज शाबूत होते आणि बारीक आवाज गेले होते. इंजिनाची घरघर, दगडावर टायर घासल्याचा आवाज, मुकादमाचं ओरडणं हे त्याला स्वच्छ ऐकू यायचं. थोरलीच्या जुन्या इंजिनात एक नळी सैल झाली तरी तो आवाजावरून सांगायचा. अशा माणसाच्या कानाबद्दल शंका कोण घेणार? त्याने स्वतःही घेतली नव्हती. घ्यायची नव्हती, हे जास्त खरं. त्याचे वडील शेवटची नऊ वर्षं पुरते बहिरे होते. घरातली माणसं त्यांच्याशी फक्त “जेवा” आणि “झोपा” एवढंच बोलत, तेही ओरडून. बाकीच्या वेळी ते दाराजवळच्या खुर्चीत बसून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहत. मामाला त्या खुर्चीची भीती वाटायची. त्यापेक्षा हेकट म्हणवून घेणं त्याला परवडत होतं. हेकट माणसाला लोक वचकून तरी असतात.

म्हणून त्याने युक्ती काढली. शिट्टीच्या भानगडीत पडायचं नाही, दिव्यावर लक्ष ठेवायचं. शिवाय भाचीला सांगून पाहिलं की तुझी ती चिमणी काढून टाक, डोकं उठतं. भाचीचा चेहरा पडला. “ती चिमणी मागच्या माणसांसाठी आहे,” ती म्हणाली. तिच्या ओठांवरून त्याला एवढं कळलं. पुढे ती आणखी काही बोलली, ते नाही कळलं. तो नेहमीसारखं “बरं, बघू” म्हणाला.

हे ‘बरं, बघू’ भाचीच्या चांगलंच ओळखीचं होतं. नोकरी लागली त्या दिवशी ती पेढ्याच्या आधी, आईच्याही आधी मामाकडे धावत गेली होती. तो नळाखाली हात धूत होता. ती बराच वेळ मनापासून काहीतरी बोलली आणि त्याने पाठमोऱ्यानेच “बरं, बघू” म्हटलं. तेव्हापासून मामाशी कामापुरतं बोलायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

चाचणीच्या दिवशी साहेब स्वतः डोंगरावर आले. ते वरच्या सपाटीवर उभे होते. थोरलीत मामा, शेजारी भाची आणि मागे बाकावर तिघे लाइनमन. चढ मामाच्या पायाखालचा होता. डोळे मिटून नेली असती. थोरली नव्या इंजिनाच्या जोरावर निम्मा डोंगर अशी चढली की मामा स्वतःशीच हसला. मग वाट डावीकडे वळली आणि ऊन समोरून थेट पडद्यावर आलं. पडदा नुसता पांढराफटक झाला.

शिट्टी वाजली. भाचीने मामाकडे पाहिलं. मागच्या तिघांनीही ऐकली, पण मामा थांबत नाही म्हणजे त्याला माहीत असणार, असं म्हणून ते बसून राहिले. गाडी आणखी कलली. भाची ओरडली, “मामा, थांब!” आवाज भीतीने आणखी बारीक झालेला. मामाची नजर समोरच्या दगडावर होती. तिने त्याचा दंड धरला आणि त्याच क्षणी खालची माती सुटून मागचं चाक हातभर घसरलं. ते मामाला सीटमधून कळलं. त्याने ब्रेक दाबला. नव्या ब्रेकनी थोरलीला जागच्या जागी धरलं.

सगळे वरच्या बाजूने उतरले. कुणाला खरचटलंही नाही. एक चाक कडेवर अर्धं अधांतरी होतं आणि खाली पन्नास फूट नुसते दगड.

साहेब धापा टाकत खाली आले. त्यांचा आवाज भरदार, त्यामुळे मामाला शब्दन्‌शब्द कळला. शिट्टी वाजली होती का, असं त्यांनी लाइनमनना विचारलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वाजली म्हणावं तर मामा अडकतो. सगळ्यात वयस्कर लाइनमन म्हणाला, नाही वाजली, साहेब. बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. मामाला वाचवायला ते तिघं बिनदिक्कत खोटं बोलले आणि आपण कुणाचा गळा कापतोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

साहेब भाचीकडे वळले. तिची मान ताठ होती. तिचे ओठ हलले. वाजली, वाजली, असं ती दोनदा म्हणाली असावी. साहेबांनी मान हलवली. यंत्र काढून टाकावं लागेल, म्हणाले, आणि ते बसवणाऱ्या माणसाकडून इथून पुढे असलं काम काढून घ्यावं लागेल. मग रिवाज म्हणून त्यांनी मामाला विचारलं, “शिट्टी वाजली का हो?”

उत्तर अगदी सोपं होतं. नाही ऐकली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं आणि ते खोटंही नव्हतं. मामाने भाचीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तो काय म्हणणार हे आपल्याला माहीत आहे, असा तिचा चेहरा होता.

“वाजली असणार,” मामा म्हणाला. “तिने बसवलीय म्हणजे वाजलीच. मला ऐकू येत नाही.”

साहेबांना ते नीट उमगलं नाही. ऐकत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, असं ते काहीसं चिडून म्हणाले.

“ऐकत नाही नव्हे, साहेब. ऐकू येत नाही. बारीक आवाज येतच नाहीत. सात-आठ वर्षं झाली.”

वयस्कर लाइनमन खाली बसला आणि उगाचच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला. थोड्या वेळाने तो उठला आणि म्हणाला, वाजली होती, साहेब.

पुढचं रीतीने झालं. मामाला तपासणीसाठी महिनाभर गाडीवरून उतरवलं. कानाचं यंत्र मिळालं. ते लावून त्याने पहिल्यांदा कपड्याचं मशीन ऐकलं आणि असला भिकार आवाज आपण इतकी वर्षं चुकवला याचं त्याला अजिबात दुःख झालं नाही. बायकोला मात्र हुंदका आवरला नाही. इतकी वर्षं आपण उगीच भांडलो, एवढंच ती म्हणत राहिली. थोरली पुन्हा त्याच्या हाती द्यायची की नाही हे साहेबांनी एका अटीवर सोडलं. कानाला यंत्र असो वा नसो, धोक्याची सूचना ड्रायव्हरला कळली पाहिजे.

म्हणून एका सकाळी भाची थोरलीच्या केबिनमध्ये तारा पसरून बसली होती आणि मामा शेजारी, यंत्र काढून खिशात ठेवलेलं. ती एकेक भोंगा जोडून वाजवत होती आणि तो मान हलवत होता. पाचवा भोंगा एखाद्या म्हशीच्या हंबरण्यासारखा होता. मामा दचकला. भाची हसली आणि तोच पक्का केला. त्याच्या जोडीला सीटखाली धडधडणारी एक मोटरही बसवली, म्हणजे पुढे आणखी कमी ऐकू आलं तरी बुडाला कळेल. हे साहेबांना लिहून देताना ‘बुडा’ऐवजी कुठला शब्द वापरायचा, यावर दोघांनी बराच विचार केला.

मग ती पाना हातात घेऊन थांबली. “मला नोकरी लागली तेव्हा मी तुझ्याकडे आले होते,” ती त्याच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली. फाटकाच्या आत ‘तुझ्याकडे’ म्हणाली, हे दोघांच्याही लक्षात आलं. “तू हात धूत होतास. तेव्हा मी काय म्हणाले ते तुला कळलं होतं?”

मामाने खिशातून यंत्र काढलं आणि कानात बसवलं. बसवायला त्याला जरा वेळ लागला.

“नाही,” तो म्हणाला. “आता सांग.”