माइकवर दिलेलं औषध

ज्या सापाच्या विषावर माझं पोट चालतं, तो साप मी आजवर पाहिलेला नाही. तो आफ्रिकेत असतो, आणि त्यानं तिथंच राहावं असं माझं मत आहे. आमच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत येते ती त्याच्या विषातल्या एका रेणूची यंत्रात जुळवलेली नक्कल, बोटाएवढ्या कुपीत पांढरी पूड. तरी गावाकडं माझी ख्याती सर्पमित्र अशी आहे. तिथं आमच्या घरी मोरीत साधी पाणदिवड निघाली, तेव्हा शेजाऱ्यांनी मोठ्या आशेनं मला हाक मारली. मी पलंगावर उभा राहून मार्गदर्शन केलं. साप वहिनीनं काठीवर घेऊन बाहेर टाकला.

मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात, त्या वर्षानुवर्षं वाढतात आणि शेवटी मूत्रपिंड निकामी करतात, असा एक आजार आहे. वडील त्यातच गेले. शेत वाटून घेताना दादात आणि माझ्यात जरा कुरबुर झाली होती. गाठी मात्र दोघांना विनातक्रार मिळाल्या. थोरला म्हणून त्याच्या आधी वाढल्या. तो फौजेतून निवृत्त होऊन ऊस करत होता. माझ्या अजून लहान आहेत. आमच्या पुडीतला रेणू त्या गाठींची वाढ रोखतो. उंदरांत रोखतो, असं म्हणायला हवं. यातला 'उंदरांत' हा शब्द फार महत्त्वाचा, आणि नेमका तोच मी खाल्ला.

झालं असं, की यात्रेत कुस्त्यांच्या मैदानात माझा सत्कार ठेवला. फ्लेक्सवर माझा फोटो, शेजारी फणा काढलेला नाग. नागाचा या कामाशी संबंध नव्हता, पण तो माझ्यापेक्षा रुबाबदार दिसत होता, म्हणून मी गप्प बसलो. डोक्याला फेटा बांधला आणि हातात माइक दिला. फेटा बांधला की माझी अक्कल आवळली जाते की काय कोण जाणे. समोर गाव, पुढच्या रांगेत दादा. मी म्हणालो, "येत्या वर्षात किडनीचं औषध तुमच्या हातात देतो. सुरुवात माझ्या घरापासून!" हलगी कडाडली. दादानं उभं राहून टाळ्या वाजवल्या.

तीन महिन्यांनी वहिनीचा फोन आला. "भावजी, मिरजेच्या डॉक्टरांनी डायलिसिसला सांगितलंय. आधी हाताची शीर तयार करायची बारकी शस्त्रक्रिया करा म्हणले हुते, तीबी ह्यांनी केली न्हाई. आता अंगाला सूज हाय, जेवण जात न्हाई. नुसतं म्हंत्यात, भावाचं औषध येतंय."

मी पहिल्या गाडीनं गेलो. दादा सोप्यात खुर्चीवर बसला होता. पाय इतके सुजले होते की चपला बाजूला काढून ठेवलेल्या. मी सरळ सांगितलं, "दादा, औषध आलेलं न्हाई. वर्षात येणार न्हाई. धा वर्षांतबी सांगता येत न्हाई. मी फुशारकी मारली."

"मला ठावं हाय," दादा म्हणाला.

"मग मशीनला का जाईनास?"

"आरं, भर मैदानात बोललास तू. सख्खा भाऊच मशीनला लागला, तर गाव काय म्हणंल? तुझं नाक मी कापू व्हय?"

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. माझ्या एका वाक्याची पत राखायला हा माणूस मरायला बसला होता, आणि मी पुण्यात त्या सत्काराचा फोटो कपाटावर लावला होता.

समजूत घालून तो हलेना. म्हटलं, जिथं घाण केली तिथंच पुसली पाहिजे. आमच्या देवळात भोंगा आहे. पाणी कधी सुटणार, कुणाची म्हैस सुटली, हे त्यावरून सांगतात. मी माइक घेतला. फेट्याशिवाय माझा आवाज फारच बारीक निघाला. "यात्रेत मी सांगितलेलं औषध अजून झालेलं न्हाई. ते फक्त उंदरांना दिलंय. मी खोटं बोललो. माझा भाऊ उद्या डायलिसिसला जातोय, आणि त्यानं जायलाच पायजे."

देवळाच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. तिनं विचारलं, "उंदराला तरी गुण आला का रं?"

"आला, आजी."

"मग रडतोस कशाला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. हाताची शीर तयार नव्हती, म्हणून मानेत नळी घालावी लागली. ती नळी माझ्या भाषणानं घातली होती, हे मला कळत होतं.

यंत्र सुरू झालं. नळीतून दादाचं रक्त जाताना मी दुसरीकडं पाहत होतो. सापाप्रमाणं रक्तालाही मी भितो. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "खरं सांग. तुझं औषध झालंच, तर मला काय उपयोग?"

आता खोटं बोलायची सोय उरली नव्हती. "न्हाई, दादा. गाठी बारक्या असतानाच त्याचा उपयोग. तुझं मूत्रपिंड आता गेलं."

"म्हंजे तुझ्यासारख्याला."

"व्हय."

तो यंत्राच्या फिरत्या चाकाकडं बघत राहिला. त्याची एकुलती एक मुलगी कराडला कॉलेजात शिकते. तिची तपासणी आम्ही अजून केलेली नाही. कुणाची हिंमत झाली नव्हती.

"आन पोरीला असलं तर? तिच्या बारक्याच असतील न्हवं?"

"असल्या तर बारक्याच असतील."

दादानं हात लांब करून माझी पिशवी उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली. फौजेतला आवाज लावून म्हणाला, "मग तू हितं काय करतोयस? चारची गाडी हाय. जा पुण्याला, कामाला लाग."