काकांचा डॉट आणि ऑक्टोबरचं ऊन

रविवारी घरी निघण्याआधी रिकाम्या पुंगळ्या झाडून डब्यात भरायच्या, हा आमच्या रेंजचा नियम. किस्से कुणी झाडत नाही, म्हणून ते साठत गेले! कॅनडातल्या केंब्रिजबाहेरच्या शेतांमधला हा शूटिंग क्लब. त्यात मराठी आम्ही तिघंच. मी, कार प्लांटमधला नितीन आणि रिटायर्ड बापटकाका. वार्षिक मॅचला नितीनचं मेडल ठरलेलं आणि काकांचा शेवटचा नंबर. यंदा काका म्हणाले, "पुन्हा शेवटचा आलो, तर पिस्तूल पोलिसात जमा करीन." हल्ली इथे नवीन पिस्तूल घेता येत नाही, एकदा दिलं की दिलं.

*

डोळे थकले म्हणून काकांनी पिस्तुलावर रेड डॉट बसवला. छोटीशी काच, तिच्यात लाल ठिपका. पहिल्याच दिवशी उन्हाने काच चमकली आणि ठिपका गायब! काकांनी तिथूनच दुकानदाराला फोनवर झापलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, प्लीज जरा सावलीत जाऊन बघा."

काका सावलीत गेले. ठिपका हजर. फोन हळूच बंद झाला.

*

मग ब्राइटनेस फुल केला.

"आता दिसतो का, काका?"

"डॉट दिसतो रे. टार्गेट कुठे गेलं?"

*

नितीनचा काकांवर भारी जीव. कॅनडात नवा आला तेव्हा तो त्यांच्याच बेसमेंटमध्ये राहायचा, काकूंच्या हातचं जेवायचा. त्याने थ्री-डी प्रिंटरवर काचेसाठी छानसा छज्जा बनवला. पहिल्याच बाराला छज्जा उडून गवतात पडला!

"गोळी एकच झाडली," काका म्हणाले, "उडाल्या मात्र दोन वस्तू!"

*

खंडेनवमीला काकूंनी रिकामं, कुलूप घातलेलं पिस्तूल पाटावर ठेवून पूजा केली. कुंकू कुठे लावलं? बरोबर काचेवर! काकांनी ते सदऱ्याने पुसलं, म्हणजे काचभर पसरवलं. रविवारी उन्हात नेम धरला आणि ओरडले, "अरे, सगळं गुलाबी दिसतंय!"

घरी गेल्यावर काकूंना सांगितलं, तर म्हणाल्या, "चला, या वयात तेही चांगलंच!"

*

मॅचच्या दिवशी कलतं ऊन नेमकं काकांच्या पाठीमागून काचेवर येत होतं. त्यांनी काच नीट पुसली, कॅप खाली ओढली, तरी ठिपका पुसटच. कशाबशा गोळ्या झाडल्या आणि टार्गेटकडे न बघताच पिस्तूल पेटीत ठेवलं.

"संपलं रे," म्हणाले. नितीनने त्या बंद पेटीकडे एकदा बघितलं.

सगळ्यात शेवटी त्याची पाळी आली, तोवर आभाळ गच्च भरून आलं होतं.

निकाल लागला. काका शेवटून दुसरे! शेवटचा नितीन.

काका त्याच्याकडे बघतच राहिले. "तुला काय झालं रे?"

नितीन बॅगेची चेन लावत म्हणाला, "ऊन फार होतं हो, काका."