दातापासून अठ्ठावीस सेंटिमीटर

आमच्या खिडकीतनं रोज संध्याकाळी फायली निघून जातात, किस्से मात्र इथंच साठतात. आठ वर्षांत इतके साठलेत की मी जेवायला बसलो की बायको आधीच बजावते, "आज अन्ननलिकेचं काही नको." तुम्हाला सांगायला मात्र काही हरकत नाही, तुमचं जेवण झालंय.

कोल्हापुरात एका पोटविकाराच्या दवाखान्यात मी बिलिंगला आहे. आत आमचे गुरव डॉक्टर पेशंटच्या तोंडातनं दुर्बीण घालून अन्ननलिकेत काम करतात, त्याचा रिपोर्ट बाहेर आमच्या टेबलावर येतो. प्रत्येक कामाला एक कोड. नुसतं बघितलं तर वेगळा, तपासायला तुकडा काढला तर वेगळा, फुग्यानं वाट रुंद केली तर आणखी वेगळा. तो कोड टाकून फाईल विम्याच्या पोर्टलवर चढवायची. तिकडं कोण बसलंय, बाई की बुवा, आम्हाला कधी कळलं नाही. उत्तर येतं ते इंग्रजीत आणि कोरडं ठक्क.

टेबलाच्या प्रमुख नदाफ मॅडम. बावीस वर्षं त्या एंडोस्कोपीच्या खोलीत सिस्टर होत्या. पाठीनं दगा दिला म्हणून बाहेर खुर्चीवर आल्या. या बाईला मी किती मानतो, ते आता कळेलच.

*

एकदा विम्याकडनं क्वेरी आली, ऑपरेशनच्या व्रणाचा फोटो जोडा.

आता दुर्बीण तोंडातनं गेली आणि तोंडातनंच आली. व्रण आणायचा कुठनं? मी दोन दिवस पान-पानभर इंग्रजी पत्रं लिहीत बसलो. मॅडमनी पेशंटला बोलावलं, खुर्चीत बसवलं, गळ्याचा फोटो काढला आणि खाली एक ओळ लिहिली, 'व्रण नाही. म्हणूनच दुर्बिणीनं केलं.'

दुपारी मंजूर!

*

मंगळवार पेठेतले एक काका मटण खाताना कवळी गिळून बसले. डॉक्टरांनी ती वीस मिनिटांत बाहेर काढली. तरी काकांचा थोरला भाऊ आमच्या खिडकीशी हटून उभा. कापलंय कुठं ते दाखवा, मग सही करतो! बाजारात बैल बघावा तसा त्यानं धाकट्या भावाचा गळा चारी बाजूंनी बघितला. टाका नाही, पट्टी नाही, मग बिल कशाचं, हा त्याचा सवाल.

मॅडमनी रिपोर्टमधले रंगीत फोटो त्याच्यापुढं मांडले. पहिल्यात नळीत अडकलेली कवळी, दुसऱ्यात तिला धरलेला चिमटा, तिसऱ्यात मोकळी नळी. भाऊ बराच वेळ बघत राहिला. मग चपला काढून एंडोस्कोपीच्या खोलीच्या बंद दाराला बाहेरनंच हात जोडून आला. सही करता करता हळूच विचारलं, "ही कवळी परत बसंल न्हवं?"

*

अन्ननलिकेत सगळं अंतर पुढच्या दातापासून मोजतात. दातापासून अमुक सेंटिमीटरवर जखम, तमुक सेंटिमीटरवर जठराचं तोंड. मॅडम रिपोर्ट वाचताना स्वतःच्या छातीवर बोट ठेवत खाली येतात.

एकदा बोट ठेवता ठेवता थांबल्या. रिपोर्टात होतं, जठराचं तोंड त्र्याऐंशी सेंटिमीटरवर. मला तो आकडा आकड्यासारखाच दिसला होता. मॅडम उठल्या, थेट आत गेल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, या बाईचं जठर मांडीत हाय काय?"

आकडे उलटून अडतीसचे त्र्याऐंशी झाले होते. डॉक्टरांनी जीभ चावली. तेव्हापासून ते अवघड केस असली की रिपोर्टवर सही करायच्या आधी तो मॅडमना दाखवायला पाठवतात. एवढा मोठा डॉक्टर आणि परीक्षेच्या निकालाला थांबल्यागत दारात उभा असतो.

*

आता माझी चूक सांगतो.

आक्काताई शाहूवाडीकडच्या. लग्नाकार्यात हजार-हजार पानांचा स्वयंपाक करणारी बाई. एका लग्नात कुणीतरी फरशी घासायचं ॲसिड पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलं होतं, घाईत त्यांनी त्याचा घोट घेतला. जीव वाचला, पण जखम भरताना अन्ननलिका आवळत गेली. पाणी आणि पेज तेवढी उतरायची, तीही थांबून थांबून. तरी बाई कामाला जायची. रश्श्याची चव घ्यायची आणि थुंकून टाकायची.

पोराच्या कंपनीचा विमा होता म्हणून आमच्याकडं आल्या. डॉक्टरांनी समजावलं की फुग्यानं वाट रुंद करता येईल, पण एकदा करून भागायचं नाही. दर पंधरा दिवसांनी करावं लागेल. मधे खंड पडला की वाट परत आवळते.

पहिल्या खेपेचा रिपोर्ट माझ्याकडं आला. वर मथळा, 'एंडोस्कोपी'. मी मथळा वाचला, नुसत्या तपासणीचा कोड टाकला आणि चहाला गेलो. खाली फुगा, त्याचा आकार, सगळं लिहिलेलं होतं. ते वाचलंच नाही! दुसऱ्या खेपेला विम्यानं विचारलं, तपासणी झालेली आहे, परत कशाला? नामंजूर. रोख भरायची ऐपत नव्हती. मायलेक पहाटेच्या एसटीनं उपाशी आलेले, तसेच परत गेले. कोड दुरुस्त होऊन मंजुरी यायला आठ दिवस गेले.

परत आल्या तेव्हा पाणीसुद्धा धड उतरत नव्हतं. मी खिडकीतनं बाहेर आलो आणि सांगून टाकलं की चूक माझी आहे. शिव्या खायची तयारी ठेवली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"हजार पानांच्या आमटीत मीठ इसरलोय मी बी," म्हणाल्या. "आता नीट कर."

*

मॅडमनी त्याच दिवशी मला गाऊन चढवायला लावला आणि आक्काताईंच्या पाठोपाठ आत नेलं. म्हणाल्या, "ज्या वाटेचा कोड टाकतोस, ती एकदा बघ."

आठ वर्षं बिलं केली, पण अन्ननलिका मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. पडद्यावर गुलाबी, ओली, आपापली उघडमीट करणारी. देवळात आल्यागत मी पायांत चपला आहेत का बघितलं. अठ्ठावीस सेंटिमीटरवर मात्र सगळं पांढरंफटक आणि मधोमध मसुराच्या डाळीएवढं भोक. एवढ्याशा भोकातनं ही बाई चार महिने जगत होती. डॉक्टरांनी फुगा फुगवला, मनात आकडे मोजत थांबले, सोडला. भोक शेंगदाण्याएवढं झालं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

आता मी शेवटची ओळ वाचल्याशिवाय कोड टाकत नाही.

*

तिसरी खेप सुरळीत झाली. चौथीला विम्याचा नवाच सवाल. फरक पडला असेल तर पुन्हा कशाला? पडला नसेल तरी पुन्हा कशाला? सुधारणेचा पुरावा जोडा.

डॉक्टरांनी पत्र लिहिलं, मॅडमनी सेंटिमीटर-मिलिमीटरसकट तक्ता जोडला. परत तेच. पंधरावा दिवस उजाडला, आक्काताई खिडकीशी येऊन बसल्या, आणि आमची वादावादी ऐकून त्यांनी विचारलं, "खाऊन दावू?"

मी मॅडमकडं बघितलं, मॅडमनी डॉक्टरांकडं. डॉक्टर म्हणाले, फुग्याचं काम संध्याकाळी पोट रिकामं झाल्यावर ठेवू, पण मी इथंच उभा राहणार. कँटीनमधनं दूध आलं. आक्काताईंच्या पोरानं त्याच्या डब्यातली भाकरी दिली. त्यांनी ती दुधात कुस्करली, बोटांनी दाबून बघितली, आणखी थांबल्या. मी मोबाईल धरला.

पहिला घास गेला. रांगेतल्या सगळ्यांनी त्यांच्याबरोबर आवंढा गिळला. दुसरा, तिसरा, चौथा गेला. पाचवा अडकला. त्यांनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला. डॉक्टर पुढं झाले, तसा त्यांनी दुसरा हात वर करून त्यांना थांबवलं. मग तोही उतरला. त्यांनी सरळ मोबाईलकडं बघितलं.

"इथवर आलोय," म्हणाल्या. "म्होरचं तुमच्या हातात हाय."

व्हिडिओ चढवला. अर्ध्या तासात मंजुरी आली. आणि तिच्याखाली, शेऱ्याच्या रकान्यात, आठ वर्षांत पहिल्यांदा मराठीत दोन ओळी होत्या.

'व्हिडिओ माझ्या आईला दाखवला, तीही पेजेवरच आहे. भाकरी दुधात किती वेळ ठेवायची, विचारते आहे.'