काळ्याने नाकारलेला घास

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर आहे... दिवसभर लोखंड, तेल आणि टार्गेट. असलं काही कोणी सांगायला लागलं, की मी त्याची यथेच्छ खेचायचो. म्हणूनच हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय.

आमच्या पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर बाळू होता. दिंडोरीकडचा, पस्तिशीचा, शांत माणूस. त्याचा एक नेम — डबा उघडला की भाकरीचा पहिला घास गेटवरच्या काळ्या नावाच्या कुत्र्याला, स्वतःच्या हाताने. काळ्याने खाल्ल्याशिवाय हा जेवायचा नाही. मागच्या उन्हाळ्यात एका सोमवारी काळ्याने बाळूचा हात हुंगला, मागे सरकला आणि गुरगुरला. त्याच भाकरीचा तुकडा मी दिला, तर गपकन गिळला.

"आजारी नाय तो, साहेब. माझाच हात नको हाय त्याला," म्हणत बाळूने डबा बंद केला.

"मग डाव्या हाताने दे."

"डाव्या हातानं घास देत्यात का कुठं?"

मंगळवारी तेच. बुधवारीही तेच. तीन दुपारी बाळू उपाशी, काम मंदावलेलं... माझं डोकं सटकलं. काळ्याला मानेला धरून जमिनीवर दाबला, पान्याने जबडा उघडला आणि बाळूचा हात ओढून त्यातली भाकरी आत कोंबायला लावली. हिरड्या फाटल्या. काळ्याने रक्तासकट घास बाहेर टाकला, पण बाळूला चावला नाही. मी त्याच्या बरगडीत लाथ घातली.

"मुक्या जिवाला नका मारू, साहेब," बाळू म्हणाला आणि मशीनवर गेला.

वीस मिनिटांत प्रेस त्याच्या उजव्या हातावर आली. मनगटापुढे हात असा राहिलाच नव्हता. माझ्या चष्म्यावर रक्त उडालं होतं.

उपाशी होता, चक्कर आली असेल... मान्य. शिवाय ती प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्यावरच चालते, म्हणजे हात आत राहू नये. काम लवकर उरकावं म्हणून त्यातलं एक बटण मी वायरने कायम दाबलेलं बांधून ठेवलं होतं. पण सोमवारी काळ्याने पहिल्यांदा हात नाकारला, तेव्हा तर बाळू उपाशी नव्हता. मग काळ्याने हुंगलं काय?

महिन्याभराने चौकशी झाली. वायर बाळूनेच बांधली, असं मी सांगितलं. तो समोरच बसला होता. खाली मान घालून ऐकत राहिला. मला लाज वाटली, तरी मी शब्द मागे घेतला नाही.

निघताना तो गेटवर थांबला. डाव्या हाताने भाकरी मोडून पुढे केली. काळ्याने शेपूट हलवत खाल्ली. मग बाळूही तिथेच बसून जेवला.

मला बरं वाटलं. मीही एक तुकडा पुढे केला. काळ्याने माझा हात हुंगला, मागे सरकला आणि गुरगुरला.

लाथेचा राग असेल, असं मी स्वतःला समजावतो. पण लाथ खाऊनही महिनाभर तो माझ्या हातचं खात होता — अगदी चौकशीच्या दिवशी सकाळपर्यंत. याचा उलगडा मला आजही होत नाही. प्रेसच्या आसपास मी आता फिरकत नाही. आणि काळ्याला मी आधी उजव्या, मग डाव्या हाताने देऊन पाहिलंय... दोन्ही हात हुंगून तो गुरगुरतो.