लॅबबाईंचं उसनं नाक

शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेल्या लॅबबाईंचं नाक भलतंच तिखट. कुठल्या बाटलीचं बूच सैल आहे, हे त्या दारातूनच सांगायच्या. निवृत्तीनंतर एका तापात नेमकं तेच गेलं. बाई हळहळल्या, पण हातावर हात ठेवून बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. गच्चीवर त्यांनी कंपोस्टचं पिंप मांडलं आणि वास घ्यायचं काम नवऱ्याकडे दिलं.

"अहो, कसा येतोय?"

"मातीसारखा. छान."

रोज हेच. त्या भरवशावर बाईंनी कंपोस्ट बादलीत भिजवलं, झाकण घट्ट लावून आठवडाभर ठेवलं आणि ते पाणी टोमॅटोच्या रोपांना घातलं. चौथ्या दिवशी निम्म्या रोपांनी माना टाकल्या. उरलेली अकरा तरी जगतात की नाही, याचा बाईंना घोर लागला.

त्यांनी पिंपातली मूठ दाबून पाहिली, तर बोटांतून पाणी गळलं. खाली नुसता काळा चिखल. हातच्या काकणाला आरसा कशाला? हवेवाचून सगळं नासलं होतं. मग मातीचा वास आला कुठून?

त्यांनी नवऱ्याला पुन्हा पिंपावर वाकवलं आणि या खेपेला त्याच्या छातीकडे पाहिलं. छाती हललीच नाही. श्वास कोंडून पुस्तकातलं उत्तर सांगणारी पोरं बाईंनी ढिगाने पाहिली होती.

"का खोटं बोललात?"

"नाक गेल्यापासून पहिल्यांदाच कशात तरी रमली होतीस. घाण येते म्हणून कसं सांगायचं?"

बाईंना राग आला आणि रडूही. मग दोघांनी मिळून पिंपाला भोकं पाडली, तळाला काटक्या अंथरल्या, सुका पाला आणि पुठ्ठ्याचे तुकडे मिसळले. दर दोन दिवसांनी ढीग वरखाली करायचा. रोपांना तोवर साधं पाणी. दोन आणखी गेली.

महिनाभराने मूठ दाबली तर पाणी गळलं नाही. नव्या बादलीत कंपोस्ट भिजवून बाईंनी त्यात माशांच्या टाकीची हवेची मोटर सोडली. दिवसभर बुडबुडे. दुसऱ्या सकाळी नऊ रोपं समोर आणि झारी हातात.

"अहो, आता खरं सांगा."

नवरा बादलीवर वाकला. छाती हलली. मग कुणी न सांगता त्याने पुन्हा वाकून मोठा श्वास घेतला.

बाईंनी झारी भरली.