मैनाबाईच्या बाजूचं गाजरगवत

रामपायलीच्या मैनाबाईचा कोणावर विश्वास नव्हता, शेजारच्या महागूवर तर मुळीच नाही. दोघांच्या शेतांमधल्या एकाच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तिच्या बाजूला कमरेएवढं गाजरगवत आणि त्याच्या बाजूला नुसता तरोटा (टाकळ्याची रानभाजी), म्हणजे हाच गवताचं बी टाकतो. तीन दिवस ती पाळतीवर बसली. महागू यायचा, भाजीपुरते तरोट्याचे शेंडे खुडायचा आणि जायचा. चौथ्या दिवशी तिनं त्याला अडवलंच.

"मी काहून टाकू, काकू? भाजीसाठी तरोटा मुळासकट उपटता तुमी, अन् शेणखताचा ढीगही तिथंच. तरोटा दाट असला तं हे गवत उगवत नाही; तुमच्याकडे मोकळी जागा, वरून खत. गवताले अजून काय पाह्यजे?"

कार्तिकात शेंगा वाळल्यावर मैनाबाई महागूच्या बाजूचं तरोट्याचं बी आपल्या बाजूला पेरायला पदरात बांधून आणत होती, आणि कोणी पाळतीवर तर नाही ना, म्हणून दहादा मागं पाहत होती.